थांबा हं, जोडून देतो

बसा, बसा. लाइट काही लवकर येत नाही, आणि इथं गच्चीवर निदान वारा तरी आहे. आणि काय रे, तू तो फोन कट केलास की नुसता उलटा करून ठेवलास? मला इथपर्यंत ऐकू येतंय, पलीकडचा बिचारा 'हॅलो, हॅलो' करतोय. बोलायचं नसेल तर नंतर करतो म्हण आणि बंद कर. माणसाला असं लटकत ठेवू नये. का ठेवू नये, तेच सांगतो. भ्यायचं असेल त्यानं आत्ताच खाली जावं. मध्येच उठून अंधारात जिना उतरायची वेळ आली तर मी सोबतीला येणार नाही, माझे गुडघे दुखतात.

गोष्ट माझ्या साडूची आहे. तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गेल्या उन्हाळ्यातला एक शनिवार. रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आलेली, त्यामुळं मंगळवारपर्यंत सगळी ऑफिसं बंद. त्या संध्याकाळी साडूला शिंप्याकडून कोट आणायचा होता. एकुलत्या एका मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि शिंप्यानं सांगून ठेवलं होतं, आज नेला नाहीत तर मी गावाला चाललो, मग बसा सदऱ्यावर. एवढंच काम. कोट आणायचा.

साडू एका मोठ्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होता. चार मजली जुनी इमारत. तळमजल्यावर जिन्याखाली त्याची खोली, एक खुर्ची, एक टेबल आणि टेबलावर बोर्ड. टेलिफोनचे बोर्ड दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं हे तुम्हाला माहीत आहेच, तो बोर्डही माझ्याच हाताखालचा. बाहेरून आलेला फोन आधी त्याच्याकडं यायचा. त्यानं विचारायचं, कोण पाहिजे, आणि बटण दाबून त्या टेबलाला जोडून द्यायचा. प्रत्येक लाइनीला एक लाल दिवा. दिवा लागला की फोन आला, लुकलुकायला लागला की माणूस ताटकळतोय.

आता साडूचा आवाज. काय सांगू तुम्हाला! साखर विरघळावी तसा. "थांबा हं, जोडून देतो." एवढंच म्हणायचा, पण भांडायला फोन केलेला माणूससुद्धा गप्प बसायचा. साहेब लोकांना तो आवाज इतका आवडला की त्यांनी तो टेप करून बोर्डातच घालायला लावला. म्हणजे फोन ताटकळत ठेवला की पलीकडच्याच्या कानात गाणं नाही, बाजा नाही, माझ्या साडूचा आवाज. थांबा हं, जोडून देतो. पुन्हा थोड्या वेळानं, थांबा हं, जोडून देतो. ऑफिसात त्याला कुणी नावानं हाक मारतच नव्हतं. सगळे 'थांबाहं' म्हणायचे. "थांबाहं आला का रे?" "थांबाहंला चहा दे."

आवाज गोड, पण माणूस... जाऊ दे, नात्यातला आहे, आणि नात्यातल्याबद्दल खरं बोलायचं तर अंधारातच बोलावं. माणूस निगरगट्ट होता. फोन लटकवायचा आणि विसरून जायचा. बरं, विसरायचा असंही नाही. त्याला मजा यायची. दवाखान्याच्या बिलासाठी कुणी म्हातारा फोन करायचा, हा त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवायचा, तिथून चौथ्या, चौथ्यावरून परत तिसऱ्या. मी एकदा विचारलं, "अरे, त्यांना त्रास होत नाही का?" तर म्हणाला, "गरजवंताला अक्कल नसते, भाऊजी. गरज असली की थांबतात. आणि थांबले नाहीत तर गरज नव्हती." वर हसला.

पण बोर्डाचा एक नियम आहे, आणि पुढं काय झालं ते समजायचं तर तो नीट ऐका. तुम्ही एखादा फोन दुसऱ्याला जोडून दिला आणि त्यानं उचलला नाही, तर तो फोन हवेत जात नाही. ज्यानं लटकवला त्याच्याकडंच परत येतो. आणि परत आलेल्या फोनची घंटा वेगळी असते. दोन आखूड, एक लांब. ती वाजली की ऑपरेटरनं समजायचं, आपलं अर्धवट राहिलेलं माणूस परत आलंय.

साडूकडं ती घंटा दिवसभर वाजायची. वाजणारच. कटकट झाली त्याला. मला म्हणाला, "भाऊजी, ही बंद करून द्या." मी म्हटलं, "नाही जमायचं, ती बंद करायची नसते." तेव्हा त्यानं स्वतःच उपाय काढला. ऑफिसात एक झाडूपोछा करणारी बाई होती. साखरेचा आजार असलेली, पण कामाला वाघीण. टेबलं पुसायला तिच्या खांद्यावर कायम पिवळं फडकं असायचं. साडूनं तिच्याकडं चिंधी मागितली. तिनं फडक्याचा कोपरा टरकन फाडला, हसत हसत म्हणाली, "घ्या साहेब. पण काम झालं की परत करा हं, माझं फडकं थोटं झालं." त्यानं त्या चिंधीची घडी केली आणि घंटेची वाटी आणि टोला यांच्या मधल्या फटीत कोंबली. झालं. घंटा वाजायची, पण आवाज नाही.

तर त्या शनिवारी. ऑफिस सुटलं होतं. साडू केसांवरून फणी फिरवत होता. डोक्यात कोट. तेवढ्यात दिवा लागला. लिफ्टचा.

लिफ्टमध्ये एक फोन होता. उचलला की थेट ऑपरेटरकडं लागायचा. साडूनं उचलला.

"साहेब, बाई बोलतेय. लिफ्ट अडकलीय बघा. दोन मजल्यांच्या मध्येच. दिवा पण गेला."

झालं होतं असं, की वॉचमनलाही घरी जायची घाई होती. वर कुणी नाही असं समजून त्यानं खाली मेन स्विच खेचला होता. बाई वरच्या मजल्यावरची बादली घेऊन उतरत होती. फोनला आणि बोर्डाला बॅटरी होती म्हणून तेवढे चालू राहिले. तिचा स्वतःचा मोबाइल खाली पिशवीत.

साडूनं काय करायला हवं होतं? खुर्चीवरून उठायचं, वॉचमनला हाक मारायची. बाहेरच्या पायरीवर बूट घालत बसला होता तो. दहा पावलं नसतील. पण वॉचमनला बोलवायचं म्हणजे तो परत आत येणार, स्विच चढवणार, लिफ्ट हलणार नाही, मग मेकॅनिकला फोन करा. तोवर शिंपी गेला.

"थांबा हं," साडू म्हणाला, "केअरटेकरला जोडून देतो." आणि दिला जोडून.

केअरटेकर कधीच घरी गेला होता.

साडूनं बोर्डावर कापड टाकलं, खोलीला कुलूप लावलं आणि कोट आणला. चांगला शिवला होता, खोटं कशाला बोलू. खांद्यात अगदी बरोबर बसला.

आता रविवारचं ऐका. बाई रात्रभर घरी आली नाही. तिचा नवरा हमाल. सकाळी शोधत शोधत ऑफिसपाशी आला. वॉचमन म्हणाला, "आत कुणी नाही. मी स्वतः बंद केलंय." नवऱ्यानं दार वाजवलं, हाका मारल्या. जाड लाकडी दार ते. मग बहिणीकडं जाऊन आला, दवाखान्यात जाऊन आला, आणि जायला दुसरीकडं कुठं उरलं नाही म्हणून परत तिथंच येऊन पायरीवर बसला. रविवार बसला. सोमवारी पण बसला. दाराला पाठ टेकून. आणि आत, त्याच्या डोक्याच्या वर, ती कानाला फोन लावून बसलेली. आणि कानात काय? थांबा हं, जोडून देतो. थांबा हं, जोडून देतो.

काय गं, पाणी हवंय? पी. मला पण दे.

मंगळवारी लिफ्ट उघडली. मी तुम्हाला तिथलं काही सांगणार नाही. एवढंच सांगतो की फोन तिच्या हातात होता आणि बोटं सोडवायला वेळ लागला.

पण साडू त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आला होता. का, ते त्याचं त्याला माहीत. कापड काढलं तर दिवा लागलेलाच. त्यानं बटण दाबलं, लाइन तोडली, चिंधी ओढून काढली. मग बसला हाताची घडी घालून. चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "लिफ्टमधून फोन आला होता का?" साडूनं कानांवर हात ठेवले. "नाही साहेब. फोन आलाच नाही." बाईचा नवरा समोर उभा. तो म्हणाला, "फोन हातात होता की तिच्या." साडू त्याच गोड आवाजात म्हणाला, "अडाणी होती हो बिचारी. कुठलं बटण दाबायचं ते कळलं नसेल."

त्या फोनला बटणच नव्हतं, पोरांनो. उचलला की लागायचा.

लिफ्ट कायमची बंद झाली. दारांना फळ्या ठोकल्या. लिफ्टमधला फोन काढायचं काम माझ्याकडं आलं. मी फोन काढला, तार कापली, आणि बोर्डावरच्या त्या लाइनीचा दिवा पण उपसून घेतला. दिव्याच्या जागी नुसतं भोक राहिलं. हे लक्षात ठेवा. भोक.

मग लग्न झालं. साडू कोट घालून मिरवला. पोरगी गोड हो, बापावर तिचा फार जीव. लहानपणापासून दम्याची. फवाऱ्याची डबी कायम जवळ. तिला मोबाइलचे नंबर कधी लक्षात राहिले नाहीत, पण बापाच्या ऑफिसचा नंबर तोंडपाठ. शाळेत असताना त्यानंच घोकून घेतला होता. "काही झालं तरी या नंबरवर कर. बोर्डावर बाबा असतोच." आणि तिची जन्माची सवय तीच. बोर्डावर बसताना मोबाइल बंद करून खणात टाकायचा असा ऑफिसचा दंडक होता, त्यामुळं कामाच्या वेळात त्याला गाठायचं तर तोच एक रस्ता. लग्न होऊन ती गावातच, दुसऱ्या टोकाला राहायला गेली. जावई फिरतीवरचा, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर.

थंडी सुरू झाली तेव्हा साडू एक दिवस माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "भाऊजी, बोर्ड बघून जा. शनिवारी संध्याकाळी लिफ्टचा दिवा लागतो."

मी हसलो. "दिवा माझ्या कपाटात आहे. कपाटात लागतो का बघू?"

तो हसला नाही. म्हणाला, "लागतो. सगळे गेले की लागतो. लुकलुकतो. मी उचलत नाही."

गेलो. बोर्ड उघडला, तारा तपासल्या. लिफ्टच्या लाइनीला कुठंच काही जोडलेलं नव्हतं. जिवंत तार नाही, दिवा नाही. भोकात बोट घालून दाखवलं त्याला. "बघ. काय लागणार इथं? तुझं डोकं?" तो बघत राहिला. तेव्हा मला आतलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, लग्नाची दगदग.

तो महिना असाच गेला. आणि मग तो शनिवार आला. पुन्हा जोडून सुट्टी. पुन्हा सगळे लवकर पळालेले. हिवाळा, त्यामुळं ऑफिस सुटतानाच अंधार. वॉचमन बाहेर पायरीवर. आत साडू एकटा. तो आवराआवर करत होता, मान वर न करता. बोर्डाकडं बघायचंच नाही असं ठरवून.

कापड हातात घेतलं.

दिवा लागला.

भोकात. लाल.

त्यानं कापड टाकलं. कापडातून दिसायला लागला. बोर्ड वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय. बाहेरून वॉचमन ओरडला, "अहो थांबाहं, उचला की!" वॉचमनला ऐकू येत होतं म्हणजे भास नव्हता. साडूनं फोन उचलला.

आधी काहीच नाही. नुसता श्वास. घरघर.

मग...

"बा..."

बाईचा आवाज. कोरडा, फाटलेला.

"बा... अडकलेय... दार... दार उघडत नाही..."

साडूनं टेबलाची कड धरली.

"अंधार... श्वास... लवकर... कुणाला तरी..."

'बाई बोलतेय.' बाकीचा शब्द त्यानं स्वतःच पुरा केला. तेच वाक्य गेले कित्येक महिने त्याच्या कानात होतं. त्याला दुसरं काही ऐकूच आलं नाही. आणि माणूस भीतीनं गोठला की काय करतो? जे हाताला सवयीचं असतं ते करतो. तोंड उघडलं, आणि तोच साखरेचा आवाज बाहेर आला.

"थांबा हं... जोडून देतो."

बोट बटणावर गेलं. केअरटेकर.

आणि तो पळाला. खोली उघडी, दिवा चालू, मोबाइल खणात तसाच. वॉचमनच्या अंगावरून पळाला. वॉचमननं मला नंतर सांगितलं, साडू गेल्यावर आत घंटा वाजायला लागली. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. बराच वेळ. चिंधी नव्हती ना आता. चांगली खणखणीत वाजत होती. मी विचारलं, मग तू आत का नाही गेलास? तर म्हणाला, "बोर्ड माझं काम नाही, साहेब." त्यानं बाहेरून दाराला कुलूप घातलं आणि घरी गेला.

साडू तापानं फणफणला. दोन पांघरुणं घेऊन पडला. रविवारी दुपारी घरच्या फोनवर जावयाचा फोन आला. परगावी होता तो. "बाबा, हिचा फोन कालपासून लागत नाही. सारखा बिझी येतोय. कुणाशी एवढी बोलतेय? जरा जाऊन बघता का?"

माझी मेहुणी चप्पल घालायला लागली होती. पण संध्याकाळ होत आली होती आणि साडूला घरात एकटं राहायचं नव्हतं. बायकोचा हात धरून ठेवला त्यानं. जावयाला म्हणाला, "बोलत असेल मैत्रिणीशी. थांब जरा. येईल फोन."

थांब जरा.

सोमवारी जावई स्वतःच आला, मिळेल त्या गाडीनं. बाहेरचं दार त्यानं किल्लीनं उघडलं. घरात हाका मारल्या. कोपऱ्यातल्या अडगळीच्या खोलीचं दार काही उघडेना. त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. साडू, मेहुणी आणि मी. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, दार अडकलंय एवढंच कळलं होतं म्हणून.

त्या खोलीला खिडकी नाही. थंडीची पांघरुणं वर ठेवलेली, ती काढायला गेली असणार. फवाऱ्याची डबी बाहेर टेबलावर होती.

दाराला कडी नव्हती. कुलूप नव्हतं. साधं बाहेर उघडणारं दार. ओढलं तर हलेना. दोघांनी ओढलं तरी हलेना. मी खाली वाकून बघितलं. दार आणि फरशीच्या फटीत काहीतरी घट्ट ठासलेलं. पाचरीसारखं. मी पेचकस घालून ते उचकटलं. चिंधीचा बोळा होता. घाईत खिशात टाकला.

दार आपोआप उघडलं.

ती भिंतीला टेकून बसली होती. गुडघे जवळ घेऊन. मोबाइल कानाला.



जावयानं तिच्या हातातून फोन घ्यायला बघितलं. निघेना. फोन गरम होता. एवढ्या वेळात बॅटरी कधीच संपायला हवी होती, पण पडदा उजळलेला होता. कॉल चालू होता. समोर नाव... 'बाबा ऑफिस.'

जावयानं फोनला कान लावला. मग माझ्याकडं बघितलं. मग त्यानं फोनचा आवाज मोठा केला. का केला, त्यालाच माहीत.

"थांबा हं, जोडून देतो."

खोलीत. स्पष्ट. गोड.

"थांबा हं, जोडून देतो."

पोरगी हुशार होती हो. शेजाऱ्यांना फोन करता आला असता, पोलिसांना करता आला असता. एवढा वेळ होता तिच्याकडं. पण बाबा थांब म्हणाले होते. बाबाचा आवाज होता. प्रत्येक वेळी तिला वाटलं असेल, आता येतील. आता बोलतील. म्हणून तिनं फोन ठेवला नाही.

मेहुणीनं आधी लेकीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. रडली नाही. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्दही बोललेली नाही, आजतागायत. एका घरात राहतात.

सगळं उरकलं. त्या रात्री साडू आमच्याकडं झोपायला होता, कारण त्याच्या घरात त्याला कुणी घेईना. झोपणार कसला. स्वयंपाकघरात जमिनीवर बसला आणि मला सगळं सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलेलं निम्मं मला तेव्हा कळलं. घंटेत कोंबलेली चिंधी, बाईचा फोन, शिंपी, कोट. मी ऐकत होतो. दया आली का, विचाराल. नाही आली. पोरीची आली. बाईची आली. पायरीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याची आली. याची नाही आली.

शेवटी तो म्हणाला, "भाऊजी, एक राहिलं."

"बोल."

"त्या पहिल्या शनिवारी मी कापड टाकलं ना बोर्डावर... तेव्हा दिवा लुकलुकत होता. फोन परत आला होता माझ्याकडं. मी बघितला."

"मग?"

"मग कापड टाकलं."

नळ ठिबकत होता.

मग मी विचारलं, "आणि ती चिंधी? घंटेतली? ती कुठंय?"

"जाळली," तो म्हणाला. "त्याच मंगळवारी. ऑफिसच्या बेसिनवर धरली आणि काडी लावली. माझ्या हातानं. राख पाणी सोडून वाहून दिली. काही ठेवलं नाही मी. काहीच पुरावा ठेवला नाही."

तेव्हा मला खिसा आठवला.

दिवसभर तीच पँट अंगावर होती. दारातून काढलेला बोळा तसाच आत. मी बाहेर काढला. दिव्याखाली धरला. उलगडला.

तो बघत होता.

पिवळी. फडक्याचा कोपरा. टरकन फाडलेला. घडी त्यानं घातली होती तशीच, अंगठ्याएवढी.

एक कड जळून काळी झालेली.

आणि अजून ओली होती.